आधी बिल्ज, मग ब्रिज

चिमे, फोटो पाहिले. बोट देखणी आहे, त्याबद्दल वादच नाही. सत्तरच्या दशकातली छत्तीस फुटी ग्रँड बँक्स, फायबरग्लासचा हल, पोटात दोन फोर्ड लेहमन डिझेल आणि ॲनापोलिसला हक्काची स्लिप. हौस असावी तर अशी! पण फोटोंच्या पाठोपाठ जे एस्टिमेट पाठवलंस, ते मी दोनदा वाचलं. दोन नवी इंजिनं, सोळा इंची दोन स्क्रीन, नवं रडार, नवा ऑटोपायलट, आणि हे सगळं एकाच हिवाळ्यात. वर तू विचारतेस, "ताई, सही करू का?"

नको करूस. कधीच नको असं नाही म्हणत मी, एवढ्यात नको. आधी माझं ऐकून घे. इकडे सिॲटलच्या थंड पाण्यात अशीच एक जुनी ट्रॉलर तुझे भाऊजी आणि मी वर्षानुवर्षं सांभाळतोय. तिची इंजिनं बदलून झालीत, वायरिंग मुळापासून उपसून झालंय. तेव्हा या बाबतीत दोन गोष्टी सांगायचा अधिकार मला आहे. आणि मी नाही तर तुला कोण सांगणार? यार्डवाल्याचं पोट त्यावर चालतं. स्क्रीन विकणारा तर तुला थांब म्हणणारच नाही.

माझं सांगणं एकच आहे. पैसा खालून वर खर्च करायचा. बिल्जपासून, म्हणजे बोटीच्या तळापासून, सुरुवात करायची आणि फ्लायब्रिजवर, म्हणजे छतावरच्या सुकाणूपाशी, संपवायचं. जे डोळ्यांना दिसत नाही ते आधी, जे पाहुण्यांना दाखवता येतं ते सगळ्यात शेवटी. तुमच्या एस्टिमेटात नेमकं उलटं झालंय.

पहिल्यांदा तुमची बोट कुठल्या घराण्यातली आहे ते समजून घे. हाँगकाँगच्या अमेरिकन मरीन या कारखान्यानं केनेथ स्मिथच्या आराखड्यावरून १९६३ मध्ये 'स्प्रे' नावाची बोट बांधली, आणि तिच्यातूनच पुढे ग्रँड बँक्सचा वंश निघाला. १९७३ पर्यंत या बोटी लाकडाच्या होत्या, त्यानंतर फायबरग्लासच्या झाल्या. चाल मात्र पहिल्यापासून संथच. अशा बोटीचा वेग ठरतो पाण्यालगतच्या लांबीवर. त्या लांबीच्या फुटांचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ नं गुणायचं, की नॉटमधला आकडा मिळतो. तुमची ती लांबी सुमारे ३५ फूट, म्हणजे उत्तर येतं ८ नॉटच्या जरा आत. तिथे पोचली की बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते. मागच्या बाजूला तळ थोडा सपाट असल्यामुळे भरपूर ताकद लावली तर ती त्यापुढे जातेही, पण तिथून पुढच्या प्रत्येक नॉटला डिझेल दामदुपटीनं मोजावं लागतं.

आता कागद-पेन घे. आधीच्या मालकाची लॉगबुकं मिळालीत ना? त्यात ७ नॉटला तासाला किती डिझेल जळलं ते शोध. डिझेल इंजिन एका अमेरिकन गॅलनमधून तासभर साधारण १८ ते २० हॉर्सपॉवर काढतं. समजा दोन्ही मिळून तासाला ३ गॅलन जात असतील, तर तुम्ही ६० हॉर्सपॉवरच्या आसपासच वापरताय, आणि पदरी आहेत २४०. मग एस्टिमेटात प्रत्येकी अडीचशे हॉर्सपॉवरची दोन इंजिनं कुणाच्या भल्यासाठी लिहिलीत, ते आमच्या जावईबापूंना, म्हणजे तुझ्या नवऱ्याला, जरा गोड शब्दांत विचार. चेसापीक बे लांबीला दोनशे मैलांच्या आसपास असला तरी त्याची सरासरी खोली जेमतेम २१ फूट. वारा आणि ओहोटी समोरासमोर आली की तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात, आणि त्यात पंधरा नॉटनं आपटत जाण्यापेक्षा सातनं जाणारा सुखात पोचतो. ॲनापोलिसहून सेंट मायकल्सला तुम्ही अर्ध्या दिवसात जाल, नांगर टाकाल, जेवाल. घाई आहे कुणाला?

आता मुख्य प्रश्न. ही इंजिनं खरंच गेलीत का? लेहमन १२० हे मोठं सोशीक यंत्र आहे. ब्रिटिश फोर्डचा सहा सिलिंडरचा, ६.२ लिटरचा, ट्रकमध्ये राबणाऱ्या जातीचा ब्लॉक घ्यायचा आणि न्यू जर्सीच्या लेहमन कंपनीनं तो समुद्रासाठी तयार करायचा, असा तो संसार. टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही. सुटे भाग अजून मिळतात. त्यामुळे 'जुनं आहे' एवढ्यावरून त्याला बाहेर काढू नकोस. ते धूर कसला सोडतंय ते बघ. काळा धूर म्हणजे इंजिनावर ओझं जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे तेल जळतंय. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा वाफ. थंडीत सुरू करताना थोडा पांढरा धूर आला तर जीव टांगणीला लावू नकोस, पण इंजिन गरम झाल्यावरही तो थांबत नसेल तर कारण शोधायलाच हवं. काळ्या धुरासाठी कधीकधी नुसते इंजेक्टर साफ करून आणि शेवाळलेला प्रोपेलर खरवडून काम भागतं.

मग कॉम्प्रेशन तपासून घे आणि गरम इंजिनातलं तेल बाटलीत काढून प्रयोगशाळेत पाठव. त्यात लोखंड किती, तांबं किती, सोडियम किती ते कळतं. सोडियम दिसलं की समजायचं, समुद्राचं पाणी किंवा कूलंट कुठून तरी आत शिरतंय. एक गोष्ट खास लेहमन १२० ची म्हणून सांगते. त्याच्या सिम्स इंजेक्शन पंपाला स्वतःचं वेगळं तेल असतं, आणि ते पन्नासेक तासांनी बदलायचं असतं. बऱ्याच मालकांना याचा पत्ताच नसतो. तुमच्या लॉगबुकात ते बदलल्याची नोंद आहे का, बघ. त्या एका ओळीवरून आधीच्या मालकानं इंजिनांना कसं वागवलं ते तुला कळेल. आणि ही सगळी तपासणी यार्डाच्या माणसाकडून करून घेऊ नकोस. स्वतंत्र सर्व्हेयर बोलाव. सॅम्स आणि नॅम्स अशा सर्व्हेयरांच्या दोन संस्था अमेरिकेत आहेत, त्यांच्या यादीतला घे; इंजिनांसाठी शक्यतो इंजिनांचाच जाणकार. विमा कंपनीही सर्व्हेचा कागद मागणारच आहे, तेव्हा तो खर्च वाया जात नाही.

बरं, तपासणीत निघालं की एक इंजिन संपलंय आणि दुसरं त्याच वाटेवर आहे. मग बदला. पण एक लक्षात ठेव. इंजिन हा नवरदेव असतो. खरा खर्च होतो तो वऱ्हाडावर. लेहमन २५०० आरपीएमला पूर्ण ताकद देतं, बरीच नवी इंजिनं ३००० च्या वर फिरतात. म्हणजे गिअरबॉक्सचा रेशो बदलला. रेशो बदलला की प्रोपेलर बदलला. नवं इंजिन आकारानं वेगळं, म्हणजे खालचे बेड कापून नवे बांधायचे, नवे माउंट, नवी डॅम्पर प्लेट. शाफ्ट बाहेर काढलाच आहे तर त्याचं बेअरिंग आणि स्टफिंग बॉक्स नवे. एक्झॉस्टचा एल्बो आणि होज नवे, पाणी खेचायचा सीकॉक मोठा, डिझेलच्या येण्याजाण्याच्या लाइन नव्या, गेजचं पॅनल नवं, थ्रॉटलच्या केबल नव्या. एस्टिमेटात यातलं काय काय आहे ते ओळीनं तपास. तुझ्या कागदावर इंजिनांची किंमत आहे आणि पुढे नुसतं 'इन्स्टॉलेशन' असा एकच शब्द आहे. त्या एका शब्दात तुमचे निम्मे पैसे बुडालेत.

ताकद निवडताना हात आखडता घे. डिझेल इंजिनाला काम लागतं. मोठं टर्बो इंजिन आणून ते जन्मभर वीस टक्क्यांवर रेंगाळत चालवलं तर सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात, काजळी धरते, तेल जळायला लागतं. त्यापेक्षा शंभराच्या आसपासचं लहान इंजिन, आपल्या ताकदीच्या निम्म्यावर आरामात चालणारं, जास्त टिकतं आणि कमी पितं. कुठल्या कंपनीचं? कमिन्स म्हटलं की तुला कर्वेनगरचं मुलींचं कॉलेज आठवतं, मला आठवतो त्यांचा ५.९ लिटरचा सहा सिलिंडरवाला. यानमार आहे, कुबोटाच्या ब्लॉकवर उभं असलेलं बेटा आहे. सगळी चांगलीच आहेत. तू विचार एवढाच कर की नॉरफोकपासून फ्लोरिडापर्यंतच्या इंट्राकोस्टल वॉटरवेवर एखाद्या छोट्या गावात अडकलीस तर कुणाचा इम्पेलर आणि कुणाचा मेकॅनिक दुसऱ्या दिवशी मिळेल. माहितीपत्रकातला आवाज-धुराचा तक्ता त्या दिवशी कामाला येत नाही.

इंजिनं बाहेर आली की बोटीच्या आयुष्यात पुन्हा न येणारी संधी येते, आणि ती बहुतेक लोक दवडतात. तुमच्या डिझेलच्या टाक्या इंजिनांच्या बाहेरच्या अंगाला, दोन्ही बाजूंना आहेत. इंजिनं जागेवर असताना तिथे हातही पोचत नाही. या जुन्या टाक्या लोखंडी, आणि त्या गंजतात त्या खालून नाही, वरून! आता एक काम कर. डेकवर डिझेल भरायची जी पितळी झाकणं आहेत, त्यांच्यापाशी गुडघ्यावर बस. कडेच्या सागवानी पट्ट्यांमधला काळा सीलंट नखानं दाबून बघ. तो सुटून उभा राहिला असेल तर पावसाचं पाणी गेली कित्येक वर्षं तिथून झिरपत थेट टाकीच्या माथ्यावर टपकतंय. मग खाली जा, टॉर्च आणि आरसा घे, आरसा हाताच्या लांबीनं टाकीच्या वर सरकव. पापुद्रे दिसले, बोटाला तपकिरी भुगा लागला, की टाकीचं वय झालं. इंजिनं बाहेर असताना टाकी बदलणं हे काही दिवसांचं काम आहे. इंजिनं परत बसल्यावर त्याच कामासाठी ती पुन्हा उचलावी लागतात.

आणि हे नुसतं नीटनेटकेपणासाठी सांगत नाहीये. नवी कॉमन-रेल इंजिनं डिझेलला हजार बारच्या वर दाब देऊन सुईच्या टोकाएवढ्या भोकांतून फवारतात. लेहमन गाळमिश्रित डिझेल पिऊनही कुरकुरत चालत राहतं. नव्याचे इंजेक्टर तेवढ्यानं खलास होतात. जुन्या टाकीवर नवं इंजिन बसवणं म्हणजे आजचा खर्च उद्या पुन्हा करायची सोय. म्हणून म्हणते, खालून वर.

बोट ट्रॅव्हललिफ्टवर वर निघेल तेव्हा तळही बघून घ्या. प्रत्येक सीकॉक उघडझाप करून पाहा. एखाद्या फिटिंगवर खरडलं आणि आतून धातू गुलाबी दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलंय. तो बदलायचाच, चर्चा नाही. बोट बुडते ती बहुधा अशाच, हातात मावणाऱ्या, स्वस्तातल्या वस्तूमुळे. तुमच्याकडचं पाणी निमखारं, तेव्हा अॅनोड जस्ताऐवजी ॲल्युमिनियमचे घ्या. आणि शाफ्टवर दोरी कापायची पाती बसवून घ्या. चेसापीकवर खेकड्याच्या सापळ्यांच्या बोयांचं जाळंच पसरलेलं असतं आणि तुमचे दोन्ही प्रोपेलर उघडे आहेत.

आता एक काम असं सांगते, जे होत असताना तू स्वतः हजर राहा. अलाइनमेंट. बोट जमिनीवर टेकूंवर असताना तिचा आकार किंचित वेगळा असतो, म्हणून शेवटचं अलाइनमेंट ती पाण्यात एकदोन दिवस तरंगल्यावरच करायचं. गिअरबॉक्सची चकती आणि शाफ्टची चकती समोरासमोर आणतात आणि मधल्या फटीत फीलर गेज घालतात. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. चार इंची चकतीला या चार जागांमधला फरक साधारण चार हजारांश इंचाच्या आत यायला हवा. मेकॅनिक माउंटचा नट पाव आटा फिरवतो, पुन्हा गेज घालतो, पुन्हा फिरवतो. कंटाळवाणं काम आहे, आणि म्हणूनच शुक्रवारी संध्याकाळी कुणी बघत नसलं की उरकलं जातं. तू बाजूला बसून चारही आकडे वहीत लिहून घे. काही बोलावं लागत नाही; हातात वही असली की पुरे.

त्यानंतर सी-ट्रायल. टाक्या भरलेल्या, पाणी भरलेलं, डिंगी लटकवलेली, म्हणजे तुम्ही प्रत्यक्षात जसे फिरणार तशी बोट हवी. थ्रॉटल पूर्ण पुढे टाकल्यावर इंजिनानं कंपनीनं सांगितलेले आरपीएम गाठायलाच हवेत, थोडे जास्तच बरे. कमी पडले तर प्रोपेलरचा पिच जास्त आहे. इंजिन कायम ओझ्याखाली राहील आणि वॉरंटीचा वाद झाला तर कंपनी पहिल्यांदा हेच विचारेल. यार्डाचा शेवटचा हप्ता या दिवसापर्यंत हातात राखून ठेवायचा, हे करारातच लिहून घे.

बिल्ज झालं, इंजिनं झाली, आता वायरिंग. स्क्रीन अजून नाही, थांब! जुन्या बोटीच्या डॅशबोर्डमागे चार मालकांच्या वायरी असतात. त्यातल्या कितीतरी कशालाच जोडलेल्या नसतात. तुमच्या बोटीवर लोरान या जुन्या दिशादर्शन यंत्रणेचा डबा अजून लटकतोय, फोटोत दिसला मला. अमेरिकेनं लोरान-सी २०१० मध्येच बंद केली! तो डबा, त्याचा अँटेना, त्याची वायर, सगळं काढ. ज्या वायरीचं दुसरं टोक सापडत नाही तिला बोटीवर ठेवायचं नाही.

नवी वायर कल्हई केलेल्या तांब्याचीच, टोकं रॅचेटच्या पकडीनं दाबलेली, वर गोंद असलेलं हीट-श्रिंक. घरातल्या वायरिंगचे प्लास्टिकचे नट बोटीवर दिसले तर त्या इलेक्ट्रिशियनला नमस्कार करून परत पाठव. नियमांचं पुस्तक तर तुझ्या दारातच आहे. अमेरिकेतल्या बोटींचे मापदंड ठरवणारी एबीवायसी ही संस्था ॲनापोलिसचीच. ती सांगते, काही अपवाद सोडले तर बॅटरीपासून सात इंचांच्या आत फ्यूज हवा. ती सांगते, दिशादर्शक दिवे आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्या वायरीत व्होल्टेज तीन टक्क्यांहून जास्त गळता कामा नये. करारात 'काम एबीवायसीच्या मापदंडांप्रमाणे' एवढी एक ओळ घाल, पुढचे निम्मे वाद मिटतील.

बॅटऱ्यांचे दोन वेगळे गट ठेव. इंजिन सुरू करायचा वेगळा, घरचा वेगळा. स्टार्टर फिरला की व्होल्टेज दचकतं, आणि एकच गट असेल तर नेमक्या त्या क्षणी स्क्रीन बंद पडून पुन्हा सुरू होत बसते. जावईबापूंना लिथियम हवंय, मला माहीत आहे. घ्या, पण लिथियम बॅटरी इतका करंट खेचते की साधा अल्टरनेटर त्यापायी तापून जळतो, आणि बॅटरीनं स्वतःला मध्येच तोडलं तर त्याचे डायोड उडतात. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर किंवा तापमान ओळखणारा रेग्युलेटर हवाच. यातलं काहीच एस्टिमेटात नाही.

आणि आता, शेवटी, स्क्रीन. शेवटी का? एकतर दरवर्षी नवं मॉडेल येतं, तेव्हा खरेदी जितकी उशिरा तितकी ताजी. दुसरं, नव्या इंजिनाची सगळी माहिती, तापमान, तेलाचा दाब, डिझेलचा खप, एनएमईए २००० च्या जाळ्यातून स्क्रीनवर येते. कुठलं इंजिन, कुठला गेटवे हे ठरल्याशिवाय स्क्रीन घेणं म्हणजे अंधारात तीर. तिसरं, डॅशबोर्डला एकदा भोक पाडलं की पाडलं.

हे जाळं समजायला सोपं आहे, घाबरू नकोस. एक मुख्य केबल, तिला टी-जोड, प्रत्येक टीपासून यंत्रापर्यंत सहा मीटरच्या आतली एक शाखा. मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर. काम संपल्यावर जाळ्याची वीज बंद कर, मल्टिमीटर काढ आणि डेटाच्या दोन पिनांवर टोकं ठेव. ६० ओहम दाखवलं की दोन्ही टर्मिनेटर जागेवर आहेत. १२० दाखवलं तर एक बसवायचाच राहिलाय. ४० दाखवलं तर कुणीतरी तिसरा घुसवलाय. मिनिटाचं काम आहे. 'कधीकधी खोली दिसत नाही, कधीकधी ऑटोपायलट सुटतो' असल्या तक्रारी कितीदा तरी एवढ्याशाच निघतात.

स्क्रीनपेक्षा आधी रेडिओ घे. डीएससी, म्हणजे एका बटणानं संकटाचा संदेश पाठवायची सोय, असलेला २५ वॉटचा व्हीएचएफ. त्याला जीपीएस जोडलाय आणि त्यात एमएमएसआय हा बोटीचा ओळख क्रमांक भरलाय, हे स्वतः तपास. हे दोन्ही असलं की लाल बटण दाबल्यावर तुमची जागा कोस्ट गार्डला आपोआप कळते; क्रमांक नसला तर ते बटण नुसतं शोभेचं. पुढे बहामाजला जायचं तुमच्या मनात आहे ना? मग बोटयूएससारख्या संस्थेकडून मिळणारा क्रमांक पुरत नाही. तो देशापुरता. परदेशी बंदरात जाणाऱ्या बोटीला फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचं लायसन्स लागतं, आणि क्रमांकही त्यांच्याकडूनच घ्यायचा. त्यानंतर आसपासची जहाजं दाखवणारं एआयएस, कारण बाल्टिमोरला जाणारी प्रचंड मालवाहू जहाजं तुमच्याच वाटेवरून जातात. त्यानंतर रडार. मोठी स्क्रीन सगळ्यात शेवटी, आणि एकच पुरे. दुसरी जागा टॅबलेटला. कागदी नकाशा मात्र असू दे. नोआ या अमेरिकेच्या सरकारी संस्थेनं पारंपरिक कागदी नकाशे २०२४ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्यानं बंद केले, पण हव्या त्या भागाचा नकाशा त्यांच्या साइटवरून बनवून छापून घेता येतो. तुमच्या खाडीचा छापून घे.

आता थोडं यंत्रांच्या पलीकडचं. यार्डात गेलीस की लोक तुझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतील आणि इंजिनाचं बोलणं तुझ्या नवऱ्याकडे बघून करतील. मला इतकी वर्षं झाली, अजून करतात. रागावून उपयोग नाही. तू वर्क ऑर्डर हातात घे आणि विचार, "तीन नंबरच्या ओळीत होजचा व्यास लिहिलेला नाही, तो किती?" तिथून पुढे ते तुझ्याकडे बघून बोलतात. ठरल्याबाहेरचं कुठलंही काम लेखी विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांग. आणि सही तुम्ही दोघांनी मिळून करायची, एकट्यानं कुणीच नाही.

नवऱ्याशी मात्र जपून. त्याला सोळा इंची स्क्रीन हवी आहे म्हणून त्याला वेड्यात काढू नकोस. हौसेशिवाय कुणी बोट घेत नाही. फक्त घरात बसून एकदा ठरवा: या बोटीवर तुम्हाला नक्की कुठे जायचंय? खाडीतच फिरायचं असेल तर लेहमनची डागडुजी, नव्या टाक्या, नवं वायरिंग आणि चांगला रेडिओ एवढ्यावर तुम्ही सुखानं फिराल. हिवाळ्यात फ्लोरिडा गाठायचा असेल तर नव्या इंजिनांचा विचार रास्त आहे. विकताना पैसे वसूल होतील या आशेवर मात्र इंजिनं बदलू नका. जुन्या बोटीत घातलेला पैसा विक्रीच्या किमतीत परत येत नाही, तो फिरण्यात वसूल करायचा असतो. आणि सगळं एका हिवाळ्यात कोंबू नका. या वर्षी तळ, टाक्या, इंजिनांचा निर्णय. पुढच्या वर्षी वीज आणि स्क्रीन. मधला उन्हाळा पाण्यावर काढा. बोट दोन उन्हाळे टेकूंवर राहिली की नवराबायकोतही कुरबुरी सुरू होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि एक. इंजिन सुरू करणं, बंद करणं, सीकॉक फिरवणं, रेडिओवर मेडे देणं, नांगर टाकणं, हे सगळं तुलाही यायला हवं. "ते बघतात" हे वाक्य जमिनीवर ठीक आहे. नवरा घसरून पडला आणि पाय मुरगळला, तर बोट किनाऱ्याला तूच आणणार आहेस.

तेव्हा या आठवड्यात एवढं कर. यार्डाला कळव की एस्टिमेट विचाराधीन आहे. ऑक्टोबरपासून सगळ्यांचीच बोट वर निघते, म्हणून जागा राखून ठेवायला सांग, पण कामाची कबुली देऊ नकोस. दोन्ही इंजिनांच्या तेलाचे नमुने पाठव, लॉगबुकातला डिझेलचा हिशेब काढ, डेकवरच्या झाकणांपाशी बसून सीलंट तपास, आणि सर्व्हेयरची तारीख घे. या चार गोष्टी माझ्याकडे आल्या की एस्टिमेट घेऊन व्हिडिओ कॉलवर बसू, ओळ न ओळ लाल पेननं बघू. जावईबापूंनाही बसव. त्यांची स्क्रीन मी यादीतून काढणार नाही म्हणावं, फक्त तिचा नंबर शेवटचा लावणार आहे.